संत्रा विक्रीच्या संकेतस्थळाची राखण

तिवसा परिसरात कपाशी, सोयाबीन व तुरीच्या जोडीला संत्र्याच्या बागा आहेत. बागेचा सौदा व्यापाऱ्याशी न करता आंबियाची फळे थेट ग्राहकाला विकायची, तर शेतकरी गटाला किंवा उत्पादक कंपनीला स्वतःचे संकेतस्थळ उपयोगी पडते. परंतु ते तयार करून घेतल्यावर त्याच्या राखणीकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘आमच्या एवढ्याशा संकेतस्थळात कोण शिरणार?’ असा प्रश्न विचारला जातो.

हॅकर तुमचे नाव शोधत येत नाही. त्याचे संगणकीय प्रोग्राम रात्रंदिवस लाखो संकेतस्थळांची दारे चाचपतात व जे उघडे सापडेल त्यात शिरतात. आत शिरल्यावर तो तुमचा क्यूआर कोड काढून स्वतःचा लावू शकतो. ग्राहक पेट्यांचे पैसे भरतो, ते भलत्याच खात्यात जातात आणि बोल मात्र तुम्हाला लागतो. म्हणून विक्रीच्या दिवसांत गटातील एकाने रोज सकाळी आपल्या मोबाईलवर संकेतस्थळ उघडावे, दुसऱ्या मोबाईलने कोड स्कॅन करावा आणि पैसे घेणाऱ्याचे नाव गटाचेच येते का ते पाहावे. यास दोन मिनिटे पुरतात.

माझ्या मते सर्वांत आधी मालकी तपासावी. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, व होस्टिंग ही दोन्ही गटाच्या नावावर व गटाच्या ई-मेलवर असावीत. ती बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर राहिली आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तर अडचणीच्या वेळी किल्ली तुमच्या हाती नसते. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीखही नोंदवहीत लिहून ठेवावी.

जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. त्यात निरनिराळ्या कामांसाठी प्लगइन नावाचे जोड-प्रोग्राम बसवितात. त्यातील दोष उघडकीस आला की सुधारित आवृत्ती निघते. पण तो दोष हॅकरलाही त्याच वेळी कळतो. वापरात नसलेले जुने प्लगइन म्हणजे शेतात उभी ठेवलेली फरदड होय. फरदडीत गुलाबी बोंडअळीला पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो, तसाच प्रकार येथे होतो. नको असलेले प्लगइन नुसते बंद न ठेवता काढून टाकावे, उरलेले अद्ययावत ठेवावे आणि फुकट मिळणारी चोरटी आवृत्ती कधीही बसवू नये.

पासवर्ड गावाचे नाव व १२३ असा नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून तो लांब करावा. प्रत्येक सभासदाला वेगळे खाते द्यावे व मोबाईलवरील दुसरी पडताळणी सुरू करावी. सर्वांत मजबूत पासवर्ड ई-मेलचा हवा, कारण इतर पासवर्ड बदलण्याचे दुवे तेथेच येतात. पत्त्याजवळचे कुलूप पाहून निर्धास्त होऊ नये. माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच ते सांगते.

आठवड्यातून एकदा संपूर्ण प्रत काढून ती होस्टिंगच्या बाहेर ठेवावी. विक्रीच्या दिवसांत ऑर्डरची प्रत रोज काढावी. प्रत परत बसते की नाही, हे एकदा करून पाहावे.

सुट्टीच्या दिवशी विशेष लक्ष असावे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ साली सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याची सुरुवात ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी झाली होती.

घुसखोरी आढळल्यास प्रथम पडद्याचे फोटो घ्यावेत व होस्टिंग कंपनीला सांगून संकेतस्थळ बंद करावे. तेथील लॉग, म्हणजे ये-जा केल्याच्या नोंदी, पुसू नयेत. तपासाला त्या लागतात. पैसे गेले असल्यास ग्राहकाला त्याच्या बँकेकडे व १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करण्यास सांगावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती गोठविता येते. नंतर सुरक्षित संगणकावरून सर्व पासवर्ड बदलावेत, घुसखोरीपूर्वीची प्रत बसवावी आणि ज्या दोषातून हॅकर आला तो दुरुस्त झाल्यावरच ऑर्डर पुन्हा सुरू कराव्यात.