मरणाचा पंचनामा

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतला एक तरुण विहिरीत बुडून गेला. पोलीस आले. 'गुरुजी, पंच म्हणून सही करा,' म्हणाले. घरात रडारड चालली होती. मी कागद न वाचताच सही केली.

चार महिन्यांनी त्याची आई दारात उभी. विम्याचा दावा अडला होता. पंचनाम्यात 'आत्महत्या केली असावी' असे लिहिले होते. विहिरीच्या काठावरचे शेवाळ आणि त्यावरची पाय घसरल्याची खूण मी स्वतः पाहिली होती. कागदात तिचा उल्लेख नव्हता आणि खाली माझी सही होती. त्या दिवशी मी 'इन्क्वेस्ट' या शब्दाचा अर्थ शोधायला बसलो.

मूळ शब्द लॅटिन. 'शोध घेणे' असा त्याचा अर्थ. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. इंग्लंडमध्ये ११९४ साली ही चौकशी करणारा अधिकारी नेमला गेला, तो कॉरोनर. 'क्राउन' म्हणजे राजमुकुट, त्यावरून हे नाव. मृताच्या न्यायापेक्षा राजाच्या तिजोरीची काळजी त्याला अधिक असे. ज्या गाडीखाली वा बैलामुळे माणूस मेला, त्याची किंमतही राजाकडे जमा होई. ही प्रथा १८४६ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे मुंबई आणि कोलकात्यासाठी १८७१ चा कॉरोनर कायदा होता. मुंबईतले ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. बाकी महाराष्ट्रात हे काम पोलिसांचेच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. आपण त्याला 'इन्क्वेस्ट पंचनामा' किंवा 'मरणोत्तर पंचनामा' म्हणतो. 'नामा' हा फारसी शब्द, म्हणजे लेख. पंच मात्र पाचच हवेत असे नाही. परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पुरतात.

या चौकशीत दोषी कोण, हे ठरत नाही. मृत्यू सकृद्दर्शनी कशाने झाला, अंगावर जखमा, व्रण कोणते, त्या कशाने झाल्या असाव्यात, एवढेच पाहायचे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेद्दा नारायण खटल्यात हीच मर्यादा सांगितली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर शवविच्छेदन करावे लागते. पोलीस कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात.

म्हणजे पंचाचे काम काय? जे डोळ्यांनी दिसले तेच कागदावर आले आहे ना, हे पाहणे. मृत माणूस बोलू शकत नाही. त्याच्या वतीने शेजाऱ्याचे दोन डोळे बोलतात. म्हणून पंच व्हायला बोलावले तर टाळू नका. पण कागद वाचा, सुटले असेल ते लिहायला लावा, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

मी नंतर लेखी जबाब दिला. त्या माउलीला पैसे मिळाले, पण दोन वर्षांनी. ती आजही मला 'गुरुजी' म्हणूनच हाक मारते. मला मात्र दर वेळी ती सही आठवते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)