धर्मकाट्यावरची अल्टो

चंद्रपुरात कोळशाचे ट्रक तोलणाऱ्या धर्मकाट्यांना तोटा नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा आपली जुनी अल्टो अशाच एका काट्यावर घेऊन गेला आणि त्याच्या आग्रहाखातर मीही सोबत गेलो. मागची सीट काढलेली, स्टेपनी आणि जॅक-पाना घरी ठेवलेला, खालचं मॅटिंग उचकटलेलं, दारांच्या आतली पॅडंसुद्धा उतरवलेली. "काकाजी, आता पिकअप पाहा गाडीचा," तो म्हणाला. स्टेपनी काहून काढली, असं विचारलं तर म्हणाला, "वर्षभरात एकदाही लागली नाही. काहून वागवू तिचं ओझं?"

आधीची पावती त्याच्या खिशात होती. नवी पावती तिच्याशेजारी धरली. फरक चाळीस किलोंचा. काटेवाल्याने सांगितलं की त्याचा काटा दहा-दहा किलोंनीच सरकतो, तेव्हा प्रत्येक पावतीत पाच किलो इकडे किंवा तिकडे. मग परतीसाठी दोन मित्र गाडीत बसले, एक पुढे आणि एक मागच्या उघड्या पत्र्यावर. चाळीस किलो उतरवले होते, सव्वाशे किलो चढले. मागे बसलेल्या मुलाच्या हाताला धरायला काही नव्हतं आणि कमरेला पट्टा नव्हता. ते पाहिलं आणि या विषयावर नीट लिहायलाच हवं असं मनाने घेतलं.

वजन कमी केलं की गाडी चपळ होते, हे खोटं नाही. इंजिनाची ताकद तीच आणि ढकलायचं ओझं कमी, म्हणजे वेग लवकर चढणारच. प्रश्न आहे तो किती, याचा. त्या अल्टोचं वजन सात-सव्वासातशे किलो. चालवणारा सत्तरचा धरला तर सगळं मिळून आठशेच्या आसपास. त्यातले चाळीस गेले म्हणजे पाच टक्के. थांबलेल्या गाडीला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला वीस सेकंद लागत असतील, तर आता एकोणीस लागतील. तोही फायदा मुख्यतः खालच्या वेगांत. वेग ऐंशीच्या वर गेला की गाडीला सगळ्यात जास्त अडवते ती हवा, आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे सपाट रस्त्यावर गाडीचा कमाल वेग जवळपास होता तिथेच राहतो.

अॅव्हरेजचंही तसंच. गाडीत साधारण ४५ किलो जादा वजन असेल तर इंधनखर्च सुमारे एक टक्का वाढतो, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी एवढं ओझं उतरवून फार तर १८.२ देईल. त्याच संस्थेने टपावर बसवलेल्या मोठ्या सामानपेटीचाही हिशेब मांडला आहे: मोठ्या महामार्गांवरच्या वेगाला त्या पेटीपायी अॅव्हरेज दहा ते पंचवीस टक्के घटू शकतं. आमच्या मुलाच्या गाडीवर पेटी नव्हती, पण दिवाळीला गावी जाताना बसवलेलं लोखंडी कॅरिअर उन्हाळ्यातही टपावर तसंच होतं. आतली गादी काढली आणि वरचं लोखंड ठेवलं. वजनाचं भूत डोक्यात बसलं की हवेचा विसर पडतो.

हे भूत आपल्याकडे आलं कुठून, तर माझ्या मते ताडोब्याच्या गेटांवरून. मोहर्ली, कोलारा, नवेगाव इथे पहाटे उघड्या जिप्सींची रांग लागते. छप्पर नाही, काचा नाहीत, आणि तरी गाडी नाल्यातून, रेतीतून, चिखलातून सहज निघून जाते. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं काढून टाकलं म्हणूनच ती अशी चालते. वस्तुस्थिती उलटी आहे. जिप्सी जन्मतःच हलकी आहे. मारुतीने ही गाडी १९८५ च्या डिसेंबरात ९७० सीसी इंजिनासह आणली, १९९६ मध्ये 'किंग' नावाने १३०० सीसीचं इंजिन दिलं आणि पुढे त्याची ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. कापडी छपराच्या किंगचं वजन ९८५ किलो. चारही चाकांना ताकद, उतरत्या गिअरची सोय, अरुंद टायर आणि पोटाखाली भरपूर जागा, या सगळ्याच्या जोरावर ती जंगलात चालते. उघडी केली ती वाघ दिसावा म्हणून. आणि सफारीला निघताना तिच्या उंच बाकांवर सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि चालक, म्हणजे पाचशे किलोंवर माणसं असतात. स्वतःच्या वजनाच्या निम्मं ओझं घेऊन ती चालते. तिला हलकी म्हणून दाखवायचं असेल तर रिकामी असताना दाखवावी लागेल, आणि रिकामी जिप्सी स्प्रिंगच्या पाट्यांवर किती उडते ते तिच्या चालकाला विचारावं.

इथे एक बारीक पण जिवावरची गोष्ट आहे. जिप्सीच्या खाली शिडीसारखी वेगळी चेसिस आहे आणि सगळा भार तीच वाहते. वरचं छप्पर म्हणजे नुसती छत्री. म्हणूनच कंपनी स्वतः ती कापडी छपरात विकत होती. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या गाड्यांना अशी चेसिस नाही. तिथे तळ, खांब, टप, दारांच्या चौकटी मिळून एकच सांगाडा बनतो, अंड्याच्या कवचासारखा. त्याचा एखादा खांब किंवा टपाचा पत्रा कापला तर गाडी दिसायला तीच राहते, पण खड्ड्यात तिची दारं अडकायला लागतात आणि आदळली तर ती मिटते. दाराच्या आतली लोखंडी पट्टी बाजूने बसणारा धक्का अडवते. मागच्या सीटची पाठ डिक्कीतलं सामान पुढच्या माणसाच्या मानेवर येऊ देत नाही. अशा वजनाला ओझं म्हणता येत नाही.

जिप्सीला एअरबॅग नव्हत्या आणि एबीएसही नव्हतं. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले त्या सुमारास ती सर्वसामान्यांसाठी बंद झाली. तिच्या कुळातली जिम्नी २०२३ मध्ये भारतात आली ती बाराशे किलोंच्या घरातली. वाढलेल्या वजनात सहा एअरबॅग आहेत, मजबूत सांगाडा आहे. माझ्या पोरांसाठी मला ते दोनशे किलो हवे आहेत.

हलकी गाडी लवकर थांबते, हाही समज सर्रास आहे. वजन घटलं की थांबवायचा जोर कमी लागतो, पण टायरची रस्त्यावरची पकडही त्याच प्रमाणात घटते. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. बिघडतो तो तोल. काढलेलं सामान, म्हणजे सीट, स्टेपनी आणि डिक्कीतला जॅक, हे सगळं मागचं. मागचा भाग हलका झाला की जोरात ब्रेक लावताना मागची चाकं आधी अडकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं ढुंगण फिरतं. चंद्रपूरहून मूलकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. संध्याकाळनंतर तिथे चितळ, रानडुक्कर, रोही कधीही समोर येतात, तेव्हा याच ब्रेकवर सगळं अवलंबून असतं. ताशी ६० ऐवजी साडेएकसष्टने गेलात तरी चाळीस किलो काढून कमावलेली पाच टक्के ऊर्जा परत गाडीत आलेली असते, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. गाडी हलकी केलेला माणूस दीड किलोमीटरने हळू जातो असं मी अजून पाहिलेलं नाही.

उलट बाजूचा समज म्हणजे जड गाडीच रस्ता धरते. धानाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला याचं खरं उत्तर ठाऊक असतं. कोरड्या रानात नांगर ओढायचा तर तो ट्रॅक्टरला पुढे वजनं लावतो, मागच्या टायरांत पाणी भरतो. रोवणीआधी चिखलणीला बांधीत उतरायचं तर लोखंडी केजव्हील चढवतो, कारण तिथे जादा वजन म्हणजे रुतणं. कुठलं वजन, कुठे आणि कशासाठी, हे तो दर हंगामात ठरवतो. पुढचा जाड लोखंडी गार्ड मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. वीस-तीस किलो थेट नाकावर टांगलेले, एअरबॅगला धक्का वेळेवर कळू न देणारे, आणि पायी चालणाऱ्याला घातक. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, तरी आमच्या भागात ते रानगव्यापासून संरक्षण म्हणून बसवले जातात. गव्याच्या नराचं वजन आठशे किलोंच्या वर जाऊ शकतं. त्याच्यापुढे तो पाइप काय करणार?

एसी काढून टाकायचा सल्ला देणारेही भेटतात. पंधरा-वीस किलो वाचतील. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसला टेकलेला असताना, घामाने निथळणारा चालक किती सावध राहील, याचा विचार आधी करावा.

चाकांचं गणित तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. चाकाच्या कडेवरचा एक किलो सीटखालच्या जवळपास दोन किलोंएवढा भारी पडतो, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. अलॉय म्हणजे हलकं, हेही नेहमीच खरं नसतं. मोठ्या मापाचं स्वस्त अलॉय आणि त्यावरचा रुंद टायर कंपनीच्या साध्या लोखंडी चाकापेक्षा जड निघू शकतो. त्या मुलानेही स्टेपनी काढली होती आणि चार चाकं मोठी बसवली होती.

स्टेपनीशिवाय गाडी चालू शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. त्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं, आणि तो महिन्यातून एकदा मामाकडे सिरोंच्याला जातो. आलापल्लीच्या पुढे शंभरेक किलोमीटर, बराचसा जंगलातला रस्ता, मधे फोनची रेंज जाते. सांगाड्याला हात लावण्याबद्दल मात्र कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच ठासून सांगितलं, आणि आता अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कंपन्याही गाड्या हलक्या करतात, पण कारखान्यात. २०१८ ची स्विफ्ट आधीच्या स्विफ्टपेक्षा ८५ किलोंपर्यंत हलकी झाली, ती जास्त ताकदीचं पोलाद वापरून आणि सांगाडा नव्याने आखून. रॅलीच्या गाड्यांमधल्या सीटा आणि गालिचे काढतात तेव्हा त्याच जागी पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात. तो पिंजरा आपल्याला दिसत नाही, रिकामी केलेली गाडी दिसते.

परवा तो मुलगा पुन्हा भेटला. मिस्त्रीकडे उभं राहून आम्ही टपावरचं कॅरिअर काढलं. डिक्कीत सिमेंटचं अर्धं पोतं, जुन्या बॅटरीचा सांगाडा आणि साउंडचा लाकडी डबा निघाला. हे सगळं मिळून पन्नास किलोंच्या वर गेलं. मागची सीट परत बसली. स्टेपनीही आली, आणि तिच्यात हवा तपासली तर जेमतेम दहा पौंड.