'वडखळ'च्या टाळ्या किती?

वडखळ नाका सोडून गाडी अलिबागच्या वाटेला लागली की धरमतरची खाडी लागते. मुलांना मराठी वाचायला शिकवतानाचा एक मोठा पेच या दोन नावांतच आहे. पहिलीतल्या मुलाला टाळ्या देत 'धरमतर' म्हणायला सांगा. ध-रम्-तर्, टाळ्या तीन; फळ्यावर अक्षरं मात्र पाच. 'वडखळ'ची अक्षरं चार, टाळ्या दोनच. मग मोठी माणसं मुलालाच चूक ठरवतात आणि अक्षरागणिक टाळी द्यायला लावतात. मला हे फार खटकतं, कारण मुलाचा कान बरोबर असतो.

उच्चारातला तुकडा स्वराभोवती बांधला जातो. जितके स्वर, तितके तुकडे. पण लिहिलेला प्रत्येक 'अ' आपण बोलत नाही. 'धरमतर'मध्ये शेवटच्या 'र'चा 'अ' गळतो, 'म'चाही गळतो. मधल्या 'र'चा टिकतो, नाहीतर व्यंजनांची गर्दी होऊन जीभ अडखळेल. हा नियम मुलं कोणी न शिकवता पाळतात. 'बदक' म्हणताना ब-दक्, पण 'बदके' म्हणताना बद्-के!

अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी शब्द ऐकून काठीने टेबलावर ठोके द्यायचे. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना शब्दाचे तुकडे मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. पहिली संपताना तुकडे ९० टक्के मुलांना जमले, ध्वनी ७० टक्के मुलांना. म्हणून सुरुवात तुकड्यांपासून करावी, तीही वही उघडण्याआधी, तोंडी. हनुवटीखाली तळवा धरून 'खारपाडा' म्हटलं की जबडा तीनदा खाली येतो. 'किती'सारखे शब्द सुरुवातीला नकोत. 'इ'ला जबडा फारसा उघडत नाही.

जोडाक्षरांची अडचणही इथूनच येते. लिहिताना र-स्ता, बोलताना रस्-ता. मूल 'रसता' लिहितं, तेव्हा ते 'करता'च्या चालीने जात असतं. 'करता'त 'र' पूर्ण लिहूनही आपण तो अर्धाच बोलतो ना? लाल रेघ मारण्याआधी हे दोन शब्द त्याला शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

गळलेला 'अ' गाण्यात मात्र परत येतो. मोठ्या अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा हिशेब लिहिलेल्या अक्षरांचा असतो. पेणच्या मुलांच्या तोंडी 'गणपती' बारा महिने असतो. बोलताना गण्-प-ती, भजनात ताणून ग-ण-प-ती. दोन्ही म्हणवून घ्यावेत, दोन्हींच्या टाळ्या मोजाव्यात आणि मग विचारावं: कुठला 'अ' लपला होता?