कॅमेऱ्यातला गुलाबी चेहरा

पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रातून कॉल आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पडद्यावर सात महिन्यांची गरोदर बाई, मागे हिरवा पडदा, डोक्यावर ट्यूबलाइट. चालताना दम लागतो, एवढीच तक्रार. चेहरा मला ठीक वाटला. खालची पापणी ओढून दाखवायला सांगितलं, तीही लालसर दिसली. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, पंधरा दिवसांनी बोलू, असं सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळणार होतो. इतक्यात तिथली समुदाय आरोग्य अधिकारी म्हणाली, ‘‘सर, मला पापणी पांढरी वाटतेय. हिमोग्लोबिन करून बघू का?’’

ते निघालं ६.२. गरोदरपणात सातच्या खालचा आकडा म्हणजे तीव्र रक्तक्षय. बाईंना त्याच संध्याकाळी दाखल करून घेतलं, रक्त द्यावं लागलं.

चूक माझी होती. तीस वर्षं पापण्या बघत आलेल्या माणसानं पडद्यावरच्या रंगावर विश्वास ठेवला. पण त्या रंगाचं नेमकं काय झालं होतं, हे कळल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना.

स्वस्त कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता हे ठाऊक नसतं, तो अंदाज बांधतो. समोरच्या चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असणार असं धरून तो उरलेले रंग हलवतो. मागे मोठा हिरवा पडदा असला की त्याला चित्र ‘फार हिरवं’ वाटतं, मग तो हिरवा कमी करतो आणि सगळ्यावर गुलाबी छटा चढते. माझ्या रुग्णाच्या पापणीतला लाल रंग त्या पडद्यानं उसना दिलेला होता. (आपल्या सरकारी दवाखान्यांचं हिरव्या रंगावर इतकं प्रेम का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण घरगुती आहे. आई सिन्नरला असते, वय ८१. तिच्याकडे आमचा जुना डेस्कटॉप आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा अपडेट थांबली आणि ‘विंडोज ११’ त्या यंत्रावर चढेना. चांगलं चाललेलं यंत्र भंगारात कशाला द्यायचं, म्हणून भाच्यानं दिवाळीत त्यावर ‘लिनक्स मिंट’ बसवून दिलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही हलकं चालतं. प्रश्न राहिला कॅमेऱ्याचा. आईला माझ्याशी बोलायचं असतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या डॉक्टरांशीही.

व्हिडिओ कॉलला वैद्यकात आता कायदेशीर वजन आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधांची एक यादी अशी आहे, की त्यातली औषधं पहिल्याच सल्ल्यात लिहायची तर तो सल्ला व्हिडिओवरच झालेला असावा लागतो. नुसता फोन चालत नाही. पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली आणि घरबसल्या सरकारी डॉक्टर दिसू लागला. ही सेवा सी-डॅकच्या मोहाली केंद्रानं बांधली. भारतीय भाषांसाठीची ‘बॉस’ ही लिनक्सची आवृत्तीही सी-डॅकचीच.

लिनक्ससाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दुकानदार मान हलवतो. ‘‘साहेब, खोक्यावर विंडोज लिहिलंय.’’ त्यानं घाबरून जायचं कारण नाही. विचारायची गोष्ट एकच: कॅमेरा ‘यूव्हीसी’ आहे का? म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे संगणकाशी एकाच भाषेत बोलावेत म्हणून ठरलेला हा नियम. ती भाषा समजणारा ड्रायव्हर लॉरां पिंशार या प्रोग्रॅमरनं लिहिला आणि २००८ पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वेगळी सीडी नाही, डाउनलोड नाही. खोक्यावर यूव्हीसी हा शब्द क्वचितच छापतात. पण ‘प्लग अँड प्ले’, ‘ड्रायव्हरची गरज नाही’ किंवा ‘क्रोमबुकवर चालतो’ यांपैकी काही लिहिलेलं असलं तर बहुधा काम होतं. क्रोमबुकच्या आतही लिनक्सचाच गाभा असतो. उलट, ‘आमचं सॉफ्टवेअर टाकल्यावर’ मिळणाऱ्या करामतींसाठी जास्त पैसे मोजू नका, कारण ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फक्त विंडोजसाठी असतं.

मी महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून लॉजिटेकचा सी२७० घेतला. बाजारात तो बरीच वर्षं आहे, ७२० पी चित्र देतो, लिनक्सवर खोडी काढत नाही. त्याच्या शेजारी निम्म्या किमतीत मोठमोठे मेगापिक्सेल छापलेले कॅमेरे होते. त्यांतले बरेच आकडे छोटं चित्र फुगवून आलेले असतात. शिवाय गणित करून बघा. ७२० पीचं न दाबलेलं चित्र सेकंदाला तीस वेळा पाठवायचं तर सुमारे ४४० मेगाबिट लागतात, आणि यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० आहे. प्रत्यक्षात तेवढं जातच नाही. म्हणून कॅमेऱ्यानं चित्र आतल्या आत ‘एमजेपेग’मध्ये दाबून पाठवावं लागतं. ती सोय नसलेला कॅमेरा ७२० पीवर सेकंदाला जेमतेम दहा चित्रं देतो, मग समोरचा माणूस कळसूत्री बाहुलीसारखा हलतो. १०८० पीचा हट्ट धरण्यातही फारसा अर्थ नाही. आपलं इंटरनेट आणि कॉलचं ॲप मिळून ते चित्र बहुतेकदा खाली आणतातच.

सी२७०ची एक उणीव मात्र सांगायला हवी. त्याचा फोकस कायमचा एका जागी बसवलेला आहे. गोळ्यांची पट्टी किंवा पायावरची जखम अगदी जवळ धरली की धूसर दिसते. ऑटोफोकसचे कॅमेरे बरेच महाग पडतात, त्यापेक्षा फोननं फोटो काढून पाठवावा. फोन बरा असेल तर कॅमेरा विकत घेण्याआधी तोही तपासून बघा. अँड्रॉइड १४ आणि पुढच्या काही फोनमध्ये केबल जोडली की ‘वेबकॅम’ हा पर्याय येतो आणि लिनक्सला तो यूव्हीसी कॅमेराच वाटतो.

सिन्नरला कॅमेरा लावला. लिनक्सच्या ‘चीज’ नावाच्या ॲपमध्ये आईचा चेहरा लगेच आला, पण त्यावरून काळसर आडवे पट्टे सरकत होते. आई म्हणाली, ‘‘अरे, हा तर आपल्या जुन्या टीव्हीसारखा.’’ मी कॅमेरा परत करायला निघालो होतो. दोष विजेचा होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेरा अमेरिकेच्या ६० हर्ट्‌झवर लावलेला असला की दोघांचा ताल चुकतो आणि पट्टे दिसतात. ‘जीयूव्हीसीव्ह्यू’ हे छोटं ॲप टाकून ‘पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी’ ५० केली, पट्टे गेले. त्याच पानावर ‘व्हाइट बॅलन्स’ हाताने ठरवण्याची सोयही होती. उपकेंद्रातल्या त्या दुपारी मला ती हवी होती.

डॉक्टरांना रंग नीट दिसावा यासाठी खर्च लागत नाही. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. मागचा रंगीत पडदा बाजूला करा. चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरा, म्हणजे पलीकडच्याला रंग किती सरकलाय ते कळतं. आवाजासाठी तारेचा साधा हेडफोन कॅमेऱ्यातल्या माइकपेक्षा सरस ठरतो. दम किती लागतोय हे मी पुष्कळदा वाक्य कुठे तुटतं त्यावरून ओळखतो. आणि छातीत दुखणं, एक बाजू लुळी पडणं, बेशुद्धी, रक्तस्राव यांपैकी काही असेल तर कॅमेरा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

पेठच्या त्या बाईंना पुढे मुलगी झाली, वजन अडीच किलो. उपकेंद्रातला हिरवा पडदा अजून तिथेच आहे. पण आरोग्य अधिकारी आता कॉल जोडण्याआधी रुग्णाची खुर्ची दारापाशी उजेडात ओढते, हातात कोरा केसपेपर देते आणि मी काही विचारायच्या आत हिमोग्लोबिनचा आकडा सांगते.