हिरवी परी आणि तिची नावे

मद्याची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु एखाद्या पदार्थास लोकांनी वेळोवेळी दिलेल्या नावांत त्याचे सारे भाग्य कसे उमटते, हे पाहावयाचे असेल तर अ‍ॅब्सिंथसारखे उदाहरण क्वचितच सापडेल.

ज्या वनस्पतीवरून हे नाव पडले ती आपल्या दवण्याची बहीण होय. जोतिबास वाहावयाचा सुगंधी दवणा कोणीकडे आणि ही जहरासारखी कडू वनस्पती कोणीकडे! स्वित्झर्लंडातील व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात ती बडीशेपेसारख्या सुवासिक बियांसह मद्यार्कात भिजवून हे हिरवे पेय गाळू लागले. १८०५ साली पेर्नो यांनी फ्रान्समध्ये पोंतार्लिये येथे कारखाना काढला. पुढे द्राक्षवेलींवर कीड पडून द्राक्षासव महागले, तेव्हा हे पेय मजुरांपर्यंत पोचले.

ते घेण्याचा एक विधीच असे. पेल्यात थोडे मद्य, पेल्यावर भोके पाडलेला चपटा चमचा, त्यावर साखरेचा खडा आणि वरून थेंबथेंब गार पाणी. पाणी मिसळताच बियांचे तेल मद्यातून सुटते व पेला दुधाळ होतो. या गढूळपणास फ्रेंच लोक 'लूश' म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'संशयास्पद' असा आहे! (साखर पेटविण्याचा देखावा जुना नव्हे, तो विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रागकडे निघाला.)

पेयास 'हिरवी परी' म्हणत, सायंकाळच्या पानवेळेस 'हिरवी घटका', आणि पेला रिचविणे म्हणजे 'पोपटाचा गळा दाबणे'. ही झाली लाडाची नावे. पुढे त्यासच 'शारांतोंचे तिकीट' म्हणू लागले. शारांतों म्हणजे पॅरिसनजीकचे वेड्यांचे इस्पितळ.

१९०५ साली लांफ्रे नामक स्विस मजुराने गरोदर पत्नी व दोन चिमुकल्या मुली गोळ्या घालून मारल्या. त्या दिवशी त्याने द्राक्षासव मनमुराद ढोसले होते, अ‍ॅब्सिंथचे पेले मात्र दोनच. तरी सारा कोप हिरव्या परीवरच झाला. १९०८ साली स्विस जनतेने बंदीचा कौल दिला व १९१५ साली फ्रान्सनेही बंदी घातली. द्राक्षासव मात्र राजरोस विकले जात राहिले, हे आम्हांस विशेष वाटते. जुन्या बाटल्यांतील मद्याचे अलीकडे पृथक्करण झाले, तेव्हा ज्यास वेडाचे कारण मानीत ते थुजोन अल्पच आढळले. मद्यार्क मात्र विपुल होता.

बंदीतही त्या खोऱ्यात घरोघरी चोरून गाळणे चालूच होते. हिरव्या रंगाने चोरी उघडी पडू नये म्हणून ते रंगहीन ठेवीत, आणि पाणी घालताच निळसर झाक येई म्हणून त्यास 'ला ब्लू', म्हणजे 'निळी', म्हणत. २००५ साली स्वित्झर्लंडात बंदी उठली. चोरट्यांचे ते नाव आता बाटल्यांवर राजरोस छापतात.