जागल्या आणि घरचा चोर

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. त्यांतल्या काहींना टी पेशी म्हणतात. आम्ही त्यांना शरीराचे जागल्ये म्हणतो. बिघडलेली पेशी सापडली की तिला मारायचे, हे त्यांचे काम.

मग रक्ताचा कॅन्सर होतोच कसा? त्याच्या एका प्रकारात चोर घरचाच असतो. बी नावाची आपलीच पांढरी पेशी बिघडते, भराभर वाढते. जागल्या शेजारून जातो, पण चोर ओळखत नाही.

रक्तात प्रतिपिंड नावाचा पदार्थ असतो. त्याला जणू दोन हात असतात. दोन्ही हात एकच वस्तू धरतात. जर्मनीत म्युनिक शहरी शास्त्रज्ञांनी युक्ती केली. दोन निराळे हात जोडले. एक हात टी पेशीला धरतो, दुसरा बी पेशीला. दोघी भिडल्या, की टी पेशी दुसरीला भोके पाडून मारते. चांगल्या बी पेशीही त्यात मरतात. हे आम्ही लपवीत नाही.

औषधाचे नाव ब्लिनाटुमोमॅब. नाव अवघड खरे! अमेरिकेत २०१४ साली त्याला परवानगी मिळाली. ते अंगात टिकत नाही, म्हणून २८ दिवस रात्रंदिवस शिरेतून देतात. ताप येतो, कधी बोलणे अडखळते.

रोग उलटलेल्या मोठ्या माणसांवर चाचणी झाली. २०१७ साली आकडे छापून आले. नेहमीच्या औषधांवर निम्मी माणसे ४ महिन्यांत दगावली. या औषधावर तोच काळ सुमारे पावणेआठ महिने होता. थोडे वाटते? ज्याच्या घरी असा आजारी आहे, त्याला विचारा. तेवढ्या अवधीत काहींना दुसऱ्याच्या हाडातला मगज देता आला.