रोज नवे सोंग

गगनबावड्यासारख्या तालुक्याच्या गावी सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज ही कामे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात होतात. गिऱ्हाईक खिशातून पेनड्राइव्ह काढते, दुकानदार तो संगणकाला लावतो. त्यातून काय आत शिरते, ते पाहण्याचे काम अँटीव्हायरसवर सोपवलेले असते. त्याच अँटीव्हायरसला चकवण्यासाठी लिहिलेले व्हायरस मात्र तीन दशकांहून अधिक काळ फिरत आहेत.

या लढाईची महाराष्ट्रातली आघाडी पुण्यात उघडली. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकदुरुस्तीकडे वळले. दुकानात येणारे बरेच संगणक व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे प्रोग्राम लिहिले. 6 मार्चला डिस्कवरची माहिती उद्ध्वस्त करणारा मायकेलअँजेलो हा त्या व्हायरसांतलाच एक. त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. 1995 मध्ये नोंदवलेल्या कंपनीचे नाव 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि 2016 मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

त्या काळची पद्धत सरळ होती. पकडलेला व्हायरस उघडायचा, फक्त त्याच्यातच सापडेल असा आकड्यांचा तुकडा निवडायचा आणि यादीत टाकायचा. या तुकड्याला सिग्नेचर म्हणतात. तो एखाद्या फाइलमध्ये दिसला, की फाइल दोषी.

यावर व्हायरस लिहिणाऱ्यांनी काढलेली पहिली पळवाट म्हणजे स्वतःचे अंग सांकेतिक करणे. समजा, व्हायरसमध्ये 65 हा आकडा आहे. ‘एक्सॉर’ या क्रियेने त्यावर 7 ही किल्ली चालवली, तर 70 मिळतात. 20 चालवली तर 85. तीच किल्ली पुन्हा चालवली, की 65 परत हजर. दर लागणीला किल्ली बदलली, की साऱ्या अंगाचे आकडे बदलतात. 1987 च्या सुमारास आलेला, पडद्यावरची अक्षरे खाली पाडणारा कॅस्केड असाच होता. पण कुलूप उघडणारा छोटा भाग उघडाच राहायचा. अँटीव्हायरसने तोच हेरला.

1990 मध्ये अमेरिकेतल्या मार्क वॉशबर्न यांनी ‘1260’ या व्हायरसमध्ये तो भागही बदलता ठेवला. निरुपयोगी सूचना मधे पेरायच्या, सूचनांचा क्रम हलवायचा. काम तेच, आकडे निराळे. पुढे ‘डार्क अॅव्हेंजर’ या टोपणनावाच्या बल्गेरियन लेखकाने असे बदल करून देणारे तयार इंजिनच वाटले. पेनड्राइव्हवरून पसरणारा, 2003 पासून ठाऊक असलेला सॅलिटी याच जातीचा.

अँटीव्हायरसने डाव उलटवला. संशयित फाइल आपल्याच ताब्यातल्या आभासी संगणकात चालवायची. व्हायरस स्वतःला उलगडतो, मूळ अंग मेमरीत येते आणि जुनी सिग्नेचर जुळते. मग 2002 मध्ये सिमिल आला. त्याला ठरलेले मूळ अंगच नव्हते. प्रत्येक पिढीत तो स्वतःला नव्याने लिहून काढी. त्याच्या कोडचा सुमारे 90 टक्के भाग या रूपांतरासाठीच खर्ची पडला होता. 2007 च्या स्टॉर्मने हे काम सर्व्हरवर नेले: डाउनलोड होणारी फाइल थोड्या थोड्या वेळाने वेगळी.

दारी आलेला बहुरूपी आज फौजदार असतो, उद्या डॉक्टर. पण शेवटी हात पुढे करतोच. आजचे अँटीव्हायरस हा पुढे आलेला हात पाहतात. एखादा प्रोग्राम झपाट्याने शेकडो फाइली सांकेतिक करू लागला, दुसऱ्या प्रोग्राममध्ये स्वतःला घुसवू लागला, तर त्याची सिग्नेचर यादीत नसली तरी त्याला अडवले जाते.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर लाइन गेली, नेट तुटले, की नवी यादी वेळेवर येत नाही. वागणुकीवरची नजर तेव्हाही चालू राहते, म्हणून ती सोय संगणकावर बंद ठेवू नये. पण तिच्यावरही विसंबून चालत नाही. कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिताच येणार नाही, असे अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी 1980 च्या दशकातच गणिताने सिद्ध केले. ‘शंभर टक्के संरक्षण’ ही जाहिरात त्यामुळे खोटीच ठरते. दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाले, की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. न जोडलेल्या डिस्कपर्यंत पोहोचणारे सोंग अजून कोणी लिहिलेले नाही.